फोटोशॉप सीएस६ वर नव्या कॅमेऱ्याच्या रॉ फायली : कामाच्या नोंदी

सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४

पाडव्याला कॅनन ईओएस आर८ घेतला. पूजा झाली, हार घातला. लेन्सवर कुंकू लावू नकोस म्हणून आईला दोनदा सांगावं लागलं. आज पहिल्यांदा कार्ड काढून स्टुडिओतल्या संगणकाला लावलं आणि फोटोशॉपनं हात वर केले. ही फाइल ओळखीची नाही, एवढाच निरोप. फोटोशॉपबरोबर येणारं, फोटो चाळायचं ब्रिज उघडलं तर फोटोंच्या जागी कोरे चौकोन.

माझं सामान सांगतो, म्हणजे कुणाला ताडून बघता येईल. संगणक विंडोज ७ चा, रॅम ८ जीबी. फोटोशॉप सीएस६, २०१३ साली खोक्यातलं घेतलेलं. ते खोकं अजून कपाटावर आहे. आजवर कॅमेरा होता कॅननचाच ७०डी. त्याच्या सीआर२ नावाच्या रॉ फायली (कॅमेऱ्यानं टिपलेली, प्रक्रिया न केलेली कच्ची माहिती) बिनबोभाट उघडायच्या. नव्या कॅमेऱ्याच्या फायलींचं शेपूट सीआर३.

नवं फोटोशॉप महिन्याच्या भाड्यानं घे, असं सगळेच सांगतात. लगीनसराईत ते जमेल. पण आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत आमच्याकडे पासपोर्ट फोटोंवर चूल पेटते, भाडं मात्र बाराही महिने चालू. शिवाय अकरा वर्षांत जमवलेल्या, एका क्लिकला ठरलेली कामं करणाऱ्या अ‍ॅक्शन्स आणि लग्नाच्या बारा बाय छत्तीस इंची करिझ्मा अल्बमची डिझाइनं सगळी सीएस६ मध्ये हाताखालची झालेली आहेत.

पहिलं लग्न १८ तारखेला, हळद १७ ला. तोवर मार्ग निघाला नाही तर पुन्हा ७०डी गळ्यात.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

आजचा दिवस वाया. तरी लिहितो, कारण हेच उद्योग बाकीचेही करणार.

आधी फाइलीच्या नावातलं सीआर३ पुसून सीआर२ केलं. अर्थात काही झालं नाही. पाटी बदलून दुकान बदलत नाही.

मग एक्झिफटूल (फाइलीत लिहिलेली माहिती बदलायचं हत्यार) घेऊन फाइलीच्या पोटातलं कॅमेऱ्याचं नाव बदलायला बसलो. ही युक्ती खोटी नाही. एकाच कंपनीचे, एकाच घडणीची फाइल देणारे, जवळजवळ एकच सेन्सर असलेले दोन कॅमेरे असतील तर नव्यावर जुन्याचं नाव लिहिलं की जुनं सॉफ्टवेअर फसतं. निकॉन डी५६०० च्या फायली लोक डी५५०० च्या नावानं उघडायचे. माझ्या बाबतीत दोन तास घालवून हाती शून्य. कारण नंतर कळलं. सीआर२ ही आतून टिफ या जुन्या फोटो-फाइलीच्या घडणीची, तर सीआर३ एमपी४ व्हिडिओच्या घराण्यातली. ही नवी घडण २०१८ साली ईओएस एम५० पासून आली. नाव काहीही लिहा, आतली खोल्यांची मांडणीच वेगळी असेल तर सीएस६ ला दारच सापडत नाही.

बुधवार, ६ नोव्हेंबर

फोटोशॉपच्या हेल्प मेनूत अबाउट प्लग-इन, त्यात कॅमेरा रॉ, म्हणजे रॉ फायली उघडणारी फोटोशॉपची जोड. आकडा निघाला ८.२. म्हणजे ७०डी घेतला तेव्हा एकदा अपडेट केलं, त्यानंतर ढुंकून पाहिलं नव्हतं.

सीएस६ ला चालणारं शेवटचं कॅमेरा रॉ म्हणजे ९.१.१, सन २०१५ चं. आतून अपडेट दाबलं तर नुसतं चक्र फिरत राहिलं. शेवटी फाइल वेगळी उतरवून हातानं बसवली. बसली, आकडाही बदलला, पण सीआर३ उघडेना. उघडणार कशी? २०१५ च्या पुस्तकात २०१८ ची भाषा कुठून येणार. हे अपडेटच्या आधी सुचलं असतं तर अर्धा दिवस वाचला असता. (अपडेट राहू दिलंय, त्यानं काही बिघडलं नाही.)

एकानं सांगितलं, नव्या फोटोशॉपमधली कॅमेरा रॉची प्लग-इन फाइल उचलून सीएस६ च्या फोल्डरमध्ये टाक. टाकली. पुढच्या वेळी फोटोशॉप उघडलं तर आधी चालत होत्या त्या सीआर२ सुद्धा उघडेनात. बरं, जुनी फाइल टाकून न देता बाजूला ठेवली होती.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

उघडलं!

अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतो. तो नव्या कॅमेऱ्याची रॉ घेतो आणि डीएनजी नावाच्या रॉमध्ये बदलून देतो. डीएनजी ही घडण २००४ पासूनची, त्यामुळे सीएस६ ला ती तोंडपाठ. बदलून आलेली फाइलही रॉच असते. व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर सगळं मागाहून फिरवता येतं. जेपीजीसारखी भाजलेली भाकरी नव्हे.

पण आजचा नवा कन्व्हर्टर विंडोज ७ वर बसत नाही, त्याला विंडोज १० तरी हवं. पुतण्या दिवाळीच्या सुट्टीला आलाय, त्याचा विंडोज ११ चा लॅपटॉप मागितला. "काका, गेम सोडून काहीही करा त्याच्यावर," म्हणाला.

इथं तासभर एका मूर्खपणात गेला. कन्व्हर्टरमध्ये सिलेक्ट फोल्डर दाबलं, पेन ड्राइव्ह उघडला, फोटोंच्या फोल्डरमध्ये शिरलो तर आत काहीच नाही. बाहेर येऊन बघतो तर फायली जागेवर. पुन्हा आत, पुन्हा रिकामं. पेन ड्राइव्ह बदलला, कार्ड थेट लावलं, लॅपटॉप बंद करून चालू केला. पुतण्यानं येऊन एका नजरेत ओळखलं. ती खिडकी फोल्डर निवडायची आहे, त्यात फायली दिसतच नाहीत. फोल्डर रिकामं दिसलं तरी निवडायचं आणि पुढे जायचं, बस्स. डीएनजी कन्व्हर्टर चालत नाही म्हणून ओरडणाऱ्यांतले निम्मे इथंच अडकले असणार, असं माझं मत झालंय.

प्रेफरन्सेसमध्ये कॉम्पॅटिबिलिटीचा रकाना आहे. तिथं आपल्या कॅमेरा रॉच्या आकड्याएवढा किंवा त्याच्या खालचा पर्याय घ्यायचा. मी 'कॅमेरा रॉ ७.१ आणि पुढचे' घेतला. डीएनजी पेन ड्राइव्हवर घेऊन स्टुडिओत आलो, डबल क्लिक, आणि कॅमेरा रॉची ओळखीची करडी खिडकी उघडली. आत फोटो आमच्या अंगणातल्या झेंडूचा होता.

शनिवार, ९ नोव्हेंबर

सेटिंगची झटापट. काल हौसेनं 'मूळ रॉ फाइल आत ठेवा' यावरही खूण केली होती. वाटलं, एका फाइलीत दोन्ही, सुरक्षित. आर८ ची सीआर३ साधारण २५ ते ३० एमबीची असते; ती पोटात घेतलेली डीएनजी जवळपास दुप्पट झाली. पेन ड्राइव्ह भरला आणि कन्व्हर्टर मध्येच थांबला. खूण काढली.

प्रीव्ह्यू मीडियम ठेवला. काहीच न ठेवल्यास ब्रिज प्रत्येक फोटो नव्यानं उघडून बघत बसतं आणि माझा संगणक दमतो. लॉसी काँप्रेशन, म्हणजे तपशील गाळून फाइल लहान करणं, बंद.

कॅमेऱ्यात सी-रॉ म्हणून लहान रॉ आहे, ती घेऊन जागा वाचेल असं वाटलं. कार्डावर वाचते. पण तिची डीएनजी केली की ती मूळ फाइलीपेक्षा मोठी होऊन बसते. तेव्हा माझ्या कामात सी-रॉचा फायदा कार्डापुरताच.

वेळ मोजला. २०० फायली पेन ड्राइव्हवरून वाचून पेन ड्राइव्हवरच लिहिल्या तर २६ मिनिटं. त्याच फायली आधी लॅपटॉपच्या डिस्कवर उतरवून घेतल्या तर ७. एक टीबीची पोर्टेबल एसएसडी घेतली, ६,८०० रुपये. या सगळ्या प्रकरणातला पहिला रोख खर्च.

रविवार, १० नोव्हेंबर

कॅननचं स्वतःचं डिजिटल फोटो प्रोफेशनलही लॅपटॉपवर बसवून पाहिलं. फुकट आहे आणि रंग कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसतात तसेच देतं. तिथून १६ बिटची टिफ काढली की सीएस६ आनंदानं उघडतं. पण २४ मेगापिक्सलची अशी एक टिफ १४४ एमबीची. एका लग्नाचे हजार फोटो धरले तर १४४ जीबी. शिवाय टिफ काढली की रॉची लवचीकता गेली. फ्रेम करून भिंतीवर लावायच्या पाच-दहा फोटोंना हा रस्ता चांगला, अल्बमला नाही.

रॉथेरपीही उघडून पाहिलं. सीआर३ थेट वाचतं. पण मला लगीनसराईच्या तोंडावर नवं सॉफ्टवेअर शिकायचं नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

फाइल उघडली म्हणून मी हुरळलो होतो. खरी भानगड रंगांची निघाली.

झेंडूच्या फोटोत शंका आली होती. कॅमेऱ्यातली जेपीजी आणि सीएस६ मधली डीएनजी शेजारी ठेवली तर डीएनजी मळकट. फूल आहे, चालेल म्हणून सोडून देता येतं. नवरीचा शालू सोडून देता येत नाही. मागे एका लग्नात नवरीच्या मावशीनं अल्बमच्या पहिल्याच पानावर बोट ठेवून "भाऊ, शालू मोरपंखी होता, हा शेवाळी झालाय" असं चारचौघांत सुनावलं होतं, आणि १४ शीट पदरच्या पैशानं पुन्हा छापाव्या लागल्या होत्या.

म्हणून बायकोची मोरपंखी पैठणी मागितली. अटी : जमिनीला लागायची नाही, उन्हात पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही, घडी तीच घालणार. व्हरांड्यात दोरीवर स्वच्छ चादर, तिच्यावर पैठणी, शेजारी पांढरा कागद. पहिले चार फोटो फुकट गेले. हे कापड धूपछाव. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्याचा. मी अर्धा पाऊल डावीकडे सरकलो की निळ्याचं हिरवं होतं. मग ट्रायपॉड लावला आणि हललो नाही.

ताडून पाहताना आणखी एक चूक कळली. कॅमेऱ्यात ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर चालू होता. तो जेपीजी उजळवतो, रॉला हात लावत नाही; म्हणून डीएनजी उगाच काळवंडलेली दिसत होती. तो बंद केला, पिक्चर स्टाइल ऑटोवरून स्टँडर्डवर आणली, तेव्हा कुठे सारख्याला सारखं लागलं.

तरीही काठाजवळचा निळा हिरव्याकडे झुकतच होता. कॅमेरा रॉमध्ये कॅमेरा कॅलिब्रेशनच्या टॅबवर प्रोफाइलची यादी असते. ७०डी ला तिथं कॅमेरा स्टँडर्ड, पोर्ट्रेट, फेथफुल अशी पाच-सहा नावं दिसतात. आर८ च्या डीएनजीला फक्त अडोबी स्टँडर्ड. म्हणजे डीएनजी आपल्याबरोबर एकच रंगाची किल्ली घेऊन आली होती, बाकीचा जुडगा लॅपटॉपवर राहिला.

बुधवार, १३ नोव्हेंबर

जुडगा सापडला. कन्व्हर्टर बसवताना तो प्रोफाइलच्या फायलीही बसवतो. लॅपटॉपच्या सी ड्राइव्हवर प्रोग्रॅमडेटा नावाचं फोल्डर आहे. ते लपवलेलं असतं. फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन लपलेल्या फायली दाखवा म्हणावं लागतं. त्यात अडोबी, त्यात कॅमेरारॉ, त्यात कॅमेराप्रोफाइल्स, त्यात कॅमेरा, आणि तिथं प्रत्येक कॅमेऱ्याच्या नावाचं वेगळं फोल्डर. कॅनन ईओएस आर८ चं अख्खं फोल्डर उचललं.

पहिल्यांदा ते मी फोटोशॉपच्या प्लग-इन फोल्डरमध्ये नेऊन टाकलं आणि काही दिसेना म्हणून चरफडत बसलो. जिथून उचललं त्याच पत्त्यावर विंडोज ७ मध्ये ठेवायचं होतं. ठेवलं, फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडलं, आणि यादीत नावं आली. कॅमेरा स्टँडर्ड निवडल्याबरोबर पैठणीचा निळा जागेवर बसला. बायकोला बोलावून पडद्याशेजारी पैठणी धरली. तिनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "रंग बरोबर आहे. पण अहो, जरी पिवळी दिसतेय, सोनेरी नाही." बरोबर होतं तिचं. व्हाइट बॅलन्स २५० केल्विननं खाली आणला.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

हळद आणि लग्न दोन्ही पार पडलं. दोन कार्डं. आर८ ला कार्डाचा एकच खण आहे, त्यामुळे बॅकअप खिशात, म्हणजे देवावर.

रात्री दोन्ही कार्डं एकामागून एक कन्व्हर्टरला दिली, जाताना एकाच फोल्डरचा पत्ता दिला. सकाळी सिलेक्शनला बसलो तर सप्तपदी आहे, पण मंगलाष्टकांचे फोटो नाहीत. अंतरपाट धरलेला एकही फोटो नाही. पोटात गोळा आला. कार्डं मोजली, १,१४० फोटो. डीएनजी मोजल्या, ९२८. गेले कुठे २१२?

कॅमेऱ्यात फायलींचे नंबर ऑटो रिसेटवर होते. नवं कार्ड घातलं की मोजणी पुन्हा एकपासून. म्हणजे दोन्ही कार्डांवर त्याच नावाच्या फायली. आणि कन्व्हर्टरमध्ये 'त्या नावाची फाइल आधीच असेल तर सोडून द्या' यावर मीच खूण करून ठेवली होती, अर्धवट राहिलेलं काम पुन्हा सुरू करायला बरी म्हणून. दुसरं कार्ड लहान, मंगलाष्टकांपुरतंच वापरलेलं. त्यावरच्या सगळ्या २१२ फायली त्यानं इमानदारीत सोडून दिल्या.

कार्ड फॉरमॅट केलं नव्हतं, म्हणून वाचलो. आता प्रत्येक कार्डाला वेगळं फोल्डर. कॅमेऱ्यात नंबर कंटिन्युअस. कन्व्हर्टरमध्येच नावाला तारीख जोडून घेतो. आणि दोन्हीकडचा आकडा वहीत लिहून जुळल्याशिवाय कार्डाला हात लावत नाही.

सोमवार, २५ नोव्हेंबर

एडिटिंग सुरळीत. ३० डीएनजी एकदम उघडायच्या, एक जमवायची, सिलेक्ट ऑल, सिंक्रोनाइझ. ७०डी च्या वेळचे माझे प्रीसेटही चालतात, फक्त आर८ ला एक्स्पोजर थोडं कमी लागतं.

हळदीच्या फोटोंनी मात्र घाम काढला. पिवळा मांडव, पिवळी साडी, गालावर ओली हळद. एसआरजीबीत (रंगांच्या नेहमीच्या, मर्यादित आवाक्यात) पिवळा फाटून सपाट डाग होतो. हळदीतून कातडीचा पोत दिसत नाही. कॅमेरा रॉच्या खालच्या निळ्या ओळीवर क्लिक करून जास्त रंग मावणारं अडोबी आरजीबी, १६ बिट केलं, पिवळ्याचं सॅचुरेशन १५ नं उतरवलं. मग नाकाच्या शेंड्यावरचा हळदीचा ओघळ वेगळा दिसायला लागला. लॅबला पाठवताना शेवटी एसआरजीबी जेपीजीच.

एक गोष्ट सांभाळायची. सीआर२ वर काम करायचो तेव्हा बदल शेजारच्या एक्सएमपी फाइलीत जायचे. डीएनजीत ते फाइलीच्या आतच लिहिले जातात. त्यामुळे एक स्लायडर हलवला तरी बॅकअपला अख्खी २५ एमबीची फाइल बदललेली दिसते आणि रोजचा बॅकअप तासभर चालतो. आता काम संपेपर्यंत डीएनजीचा बॅकअप घेत नाही, सीआर३ चा पहिल्याच रात्री घेतो.

सीआर३ फेकून फक्त डीएनजी ठेवावी, असंही काहीजण सुचवतात. मी नाही फेकणार. मूळ फाइल आत ठेवली नसेल तर डीएनजीवरून सीआर३ परत करता येत नाही, आणि कॅननच्या सॉफ्टवेअरला मूळ फाइलच लागते.

रविवार, १ डिसेंबर

पुतण्या लॅपटॉप घेऊन पुण्याला गेला. हे होणार हे ८ तारखेपासून माहीत होतं. पुढचं लग्न १५ ला.

सरळ उपाय म्हणजे स्टुडिओतल्याच संगणकावर विंडोज १० टाकणं. सीएस६ तिथं चालतं, कन्व्हर्टर चालतो, प्रोफाइलं आपोआप जागेवर बसतात, पेन ड्राइव्हच्या वाऱ्या नाहीत. मग पहिल्याच दिवशी का नाही केलं? पासपोर्ट फोटोंच्या प्रिंटरमुळे. त्याचा ड्रायव्हर विंडोज ७ च्या पुढे मिळत नाही, आणि रोजची मीठ-भाकरी तोच प्रिंटर देतो.

गुरुवार, ५ डिसेंबर

२४० जीबीची एसएसडी, १,६५० रुपये. तीवर विंडोज १०, जुन्या डिस्कवर विंडोज ७ तसंच. चालू करताना कुठलं हवं ते निवडायचं. सीएस६ चा सिरियल नंबर दोन ठिकाणी चालतो, त्यामुळे तिथं अडलं नाही. अ‍ॅक्शन्स आणि प्रीसेट नेऊन बसवायला एक दुपार गेली. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्टही ऑक्टोबर २०२५ पर्यंतच, हे माहीत आहे. या संगणकाचं इंटरनेट तसंही काढूनच ठेवतो.

एकूण रोख खर्च ८,४५० रुपये. वेळ धरला तर साधारण सहा पूर्ण दिवस, त्यातले फाइल उघडण्यावर दीड, उरलेले रंगांवर आणि माझ्या चुकांवर.

सोमवार, १६ डिसेंबर

कालच्या लग्नाच्या १,३०६ फायली सकाळी कन्व्हर्टरला लावल्या. सातशेच्या आसपास गेला असेल, तेवढ्यात दारात शाळेची दोन पोरं, "काका, स्कॉलरशिपच्या फॉर्मला फोटो पाहिजेत, आत्ताच." पासपोर्टचा प्रिंटर विंडोज ७ मध्ये. कन्व्हर्टर थांबवला, संगणक बंद करून त्या बाजूनं चालू केला, आठ-आठ कॉप्या काढून दिल्या, पुन्हा या बाजूला आलो. आधीच्या अनुभवानं 'आधीच असेल तर सोडून द्या' ची खूण काढून ठेवली होती. तीच आता हवी होती. कार्डाप्रमाणे फोल्डर वेगळी आहेत हे दोनदा बघून पुन्हा लावली. थांबवताना अर्धवट लिहिली गेलेली शेवटची डीएनजी आधी पुसली, नाहीतर तीही 'आहे' म्हणून सुटली असती. साडेबाराला वहीत दोन्हीकडे १,३०६ लिहिलं.